वाचक विचारतात : पारा चढला की पुढे कोण पळतं?

या वेळच्या निम्म्या पत्रांत शाळेतलं एक वाक्य आहे : ‘तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग दुप्पट होतो.’ स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली तापमान आणि वेगाचं जे नातं मांडलं, त्याचं हे ढोबळ रूप. वाक्य चुकीचं नाही, अपुरं आहे. सगळ्याच क्रिया दुप्पट होत नाहीत. काही तिप्पट होतात, काही जेमतेम दीडपट, आणि काही गोष्टी उष्णतेने चक्क घटतात. या सगळ्या एकाच भांड्यात, एकाच तळ्यात चालू असतात, म्हणून बिघाड शोधताना नुसता पारा पाहून भागत नाही. कोणता वेग कोणत्या वेगाला मागे टाकतोय, ते पाहावं लागतं.

प्र. मे महिन्यात इडलीचं पीठ पाच-सहा तासांत आंबट होतं, पण फुगत नाही. जानेवारीत दुप्पट वेळ लागतो, पण इडली हलकी होते. प्रमाण तेच, डाळही तीच. (नेरूळ)

पीठ फुगवणारे आणि पीठ आंबवणारे जीवाणू पूर्णपणे एकच नसतात. ल्युकोनोस्टॉक हा जीवाणू डाळीबरोबरच घरात येतो. तो आम्ल तयार करतो आणि सोबत कार्बन डायऑक्साइडही सोडतो. पिठाला जाळी पडते ती त्याच्यामुळे. त्याला २० ते ३० अंश मानवतात. पीठ ३५ च्या पुढे गेलं की वायू न सोडता नुसतं आम्ल करणारे त्याचे सोबती पुढे सरकतात, आणि आम्ल वाढलं की ल्युकोनोस्टॉक आणखी दबतो. मग पीठ आंबट होतं, पण वर येत नाही.

उष्णता नुसत्या हवेची नसते. डाळ मिक्सरमध्ये सलग चार-पाच मिनिटं फिरवा आणि भांड्याला हात लावून बघा. ओट्याजवळ ३३ अंश असताना त्यातलं पीठ सहज ३८-४० वर गेलेलं असतं. म्हणजे आंबायला ठेवण्याआधीच शर्यतीचा निकाल लागलेला असतो. म्हणून मेमध्ये डाळ-तांदूळ फ्रिजमध्ये भिजवा, वाटताना बर्फाचं पाणी घ्या, अर्धा-अर्धा मिनिट फिरवून थांबा. वाटलेलं पीठ २६ ते २८ अंशांवर असावं. टोकदार दांड्याचा स्वयंपाकाचा थर्मामीटर यासाठी पुरतो. मीठ आधीच घाला, त्याने आंबण्याची गती थोडी आवरते. पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवून वर ओलं फडकं टाकलं तर दोन-तीन अंश उतरतात. आपल्याकडची हवा दमट असल्यामुळे त्याहून जास्त अपेक्षा नको.

पीठ वर आल्यावर पूर्ण पातेलं फ्रिजमध्ये ठेवू नका. तीन लिटर पिठाचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि आत आंबणं चालूच राहतं. दोन-तीन पसरट डब्यांत विभागून ठेवा.

प्र. आमच्या संकुलातल्या तळ्यात मे महिन्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, दोनदा मोठे कटला मेले. संध्याकाळी तपासलं तर ऑक्सिजन भरपूर दिसतो. कारंजं रोज संध्याकाळी सहा ते नऊ चालू असतं. (घोडबंदर रोड, ठाणे)

चूक कारंज्याची नाही, त्याच्या वेळेची आहे.

हिशोब करू. गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त किती ऑक्सिजन विरघळू शकतो, हे तापमानावर ठरतं. २० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, ३० ला ७.६, ३३ ला जेमतेम ७.२. म्हणजे साठाच कमी. उलट माशाला लागणारा ऑक्सिजन दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतो, आणि तळाच्या गाळात कुजणाऱ्या पानांवरचे जीवाणूही तेवढ्याच जोमाने ऑक्सिजन खातात. पुरवठा घटतो, मागणी वाढते.

आता पाण्याचा हिरवा रंग आठवा. तो शेवाळाचा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, म्हणून संध्याकाळी मीटर १० किंवा १२ सुद्धा दाखवतो, आणि सगळे निर्धास्त होतात. अंधार पडला की तेच शेवाळ माशांसारखं ऑक्सिजन घेऊ लागतं. रात्रभर खर्च, जमा काहीच नाही. सूर्योदयाच्या आधी तळ गाठला जातो. मोठे मासे आधी मरतात, तिलापिया टिकतो. सगळेच मासे एकदम मेले असते तर विषाचा संशय घ्यावा लागला असता. तुमच्याकडे मोठेच गेलेत, ही ऑक्सिजन संपल्याची खूण आहे.

तेव्हा कारंजं रात्री दहा ते सकाळी आठ चालवा. शोभेला संध्याकाळी अर्धा तास हवं तर वेगळा द्या. फवारा उंच उडण्यापेक्षा पाणी खळबळलेलं महत्त्वाचं. तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारा पंप त्याहून चांगला, पण गाळ ढवळला जाणार नाही इतपत वर लावा. मोजमाप पहाटे साडेपाचला आणि दुपारी तीनला, पृष्ठभागाखाली एक फूट. पहाटेचा आकडा ५ च्या वर हवा, ३ च्या खाली धोका. मासे वर आलेल्या दिवशी खाणं पूर्ण बंद. एरवीही खाणं सकाळी नऊनंतर, कारण पचनालाही ऑक्सिजन लागतो.

टँकरचं पाणी एकदम सोडू नका. बोअरवेलच्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो, ते फवारून सोडावं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चांगलंच तापलेलं असतं. एका वेळी दशांशापेक्षा जास्त पाणी बदलू नका आणि तळ्याच्या तापमानात दोन-तीन अंशांहून जास्त झटका बसू देऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवायला हवं, हे आहेच.

अमोनियाचाही विचार करा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तो येतोच. त्याचा विषारी भाग पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क, ते सांगणारा आकडा) ८ असताना २० अंशांना सुमारे ४ टक्के असतो, ३० अंशांना साडेसात. दुपारी शेवाळामुळे पीएच ९ झाला तर ३० अंशांना तो ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे पहाटे ऑक्सिजनची टंचाई मारते, दुपारी अमोनिया. दोन्हींवर मूळ उपाय एकच : पावसाळ्याआधी गाळ काढा, खाणं कमी करा, तळ्यात पानं पडू देऊ नका.

आणि जूनचा पहिला जोरदार पाऊस पडेल त्या रात्री जागं राहा. उन्हाळ्यात वरचं गरम पाणी तळाच्या पाण्यावर झाकणासारखं बसलेलं असतं. थंड पावसाने ते झाकण मोडतं, तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं. तलावांच्या शहरात राहतो आपण. पहिल्या पावसानंतर मेलेले मासे दिसले की दर वेळी कुणीतरी काहीतरी ओतलं असं नसतं.

प्र. पुस्तकात बीओडी पाच दिवस २० अंशांना, आमच्या प्रयोगशाळेत तीन दिवस २७ अंशांना. बरोबर काय? (ठाणे, विद्यार्थी)

दोन्ही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात, त्याची मोजणी. पाच दिवसांची चाल ब्रिटनची. तिथल्या सांडपाणी आयोगाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती तिथल्या नद्यांचं तापमान आणि समुद्रापर्यंतचा वाहण्याचा वेळ धरून ठरवली. आपलं पाणी त्याहून गरम, म्हणून भारतीय मानकात २७ अंश आणि तीन दिवस आले. प्रत्येक अंशाला वेग सुमारे १.०४७ पट धरतात. सात अंशांना तो १.३८ पट होतो. नेहमीच्या घरगुती सांडपाण्यासाठी दोन्ही आकडे जवळ येतात, तंतोतंत सारखे नसतात. अहवालात कोणती पद्धत वापरली ते लिहिल्याशिवाय तुलना करू नका.

खरी काळजी इनक्यूबेटरची, म्हणजे नमुने ठरावीक तापमानाला ठेवणाऱ्या कपाटाची. तो २७ ऐवजी ३० वर राहिला तर घरगुती सांडपाण्याचा निकाल सुमारे ८ टक्के जास्त येतो. दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. पाण्याने भरलेल्या बाटलीत थर्मामीटर बुडवून तो मधल्या कप्प्यात ठेवा आणि रोज वाचा. तीन दिवसांनी नमुन्याच्या बाटलीत ऑक्सिजन लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम उरलेला आणि किमान २ खर्च झालेला हवा. नाहीतर विरळीकरण, म्हणजे नमुना पातळ करण्याचं प्रमाण, चुकलं.

प्र. पाच लिटरच्या काचेच्या भांड्यात सुरळीत होणारी क्रिया पाच हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये अंगावर येते. कृती तीच, जॅकेटचं (भांड्याभोवतीच्या थंड आवरणाचं) पाणीही तेवढंच गार. (रबाळे)

आकारमान हजारपट झालं, पण थंड होणारा पृष्ठभाग शंभरपटच. लिटरमागे थंडावा दहाव्या हिश्श्यावर आला. इथेच अर्धं उत्तर आहे.

दुसरं अर्धं अधिक धोकादायक. समजा क्रिया ६० अंशांवर चालते, जॅकेटचं पाणी ३० चं. तापमान ७० झालं तर बाहेर जाणारी उष्णता फरकाच्या प्रमाणात वाढते : ३० चे ४० अंश, म्हणजे १.३३ पट. पण क्रियेची सक्रियण ऊर्जा (क्रिया घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) ८० किलोज्यूल प्रति मोल असेल, तर आत तयार होणारी उष्णता २.३ पट होते. त्या क्षणापासून रिॲक्टर स्वतःच स्वतःला तापवतो. ऑपरेटर व्हॉल्व पूर्ण उघडतो, पण त्याच्या हातातली गोष्ट सरळ रेषेत वाढते आणि समोरची घातांकी.

बऱ्याच वेळा सुरुवात जास्त तापमानाने नाही, कमी तापमानाने होते. रिॲक्टर थंड असताना दुसरा कच्चा माल सोडत राहिलं की तो न जळलेल्या लाकडांसारखा साचतो. मग क्रिया सुरू झाली की सगळा साठा एकदम पेटतो. म्हणून माल सोडणारा व्हॉल्व वरच्या मर्यादेइतकाच खालच्या मर्यादेलाही आपोआप बंद झाला पाहिजे, आणि ढवळणी थांबली की तत्काळ. थांबलेली ढवळणी पुन्हा सुरू करण्याआधी वरिष्ठांना विचारा. थर वेगळे झालेले असतील तर ते मिसळणं हीच ठिणगी असते. कूलिंग टॉवरचं पाणी जून-ऑक्टोबरच्या दमट दिवसांत जानेवारीपेक्षा बरंच गरम असतं, म्हणून हिवाळ्यात यशस्वी झालेली बॅच हा पुरावा धरू नका. मोठ्या प्रमाणावर जाण्याआधी उष्णतामापीवर (कॅलरीमीटरवर) चाचणी करून घ्या : क्रियेची एकूण उष्णता किती, आणि थंडावा बंद पडला तर तापमान कुठे जाऊन थांबेल.

भोपाळ वायुकांडातल्या युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन होतं. ते शून्य अंशांच्या आसपास ठेवायचं असतं, पण थंड करणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्यात पाणी शिरलं. थंड टाकीत क्रिया इतक्या झपाट्याने वाढली नसती. निदान माणसांना वेळ मिळाला असता.

प्र. थंडीत वास कमी यायला हवा ना? आम्हाला तर डिसेंबरच्या पहाटेच रसायनांचा वास सगळ्यात जास्त येतो. (घणसोली)

थंडीत बाष्पीभवन कमी होतं, हे खरं. पण हवा वर चढणं त्याहून जास्त मंदावतं. निरभ्र रात्री जमीन गारठते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची गरम, असा उलटा थर बसतो. दुपारी जे धूर-वाफा किलोमीटरभर उंचीत विरळ होतात, त्या शंभर-दोनशे मीटरमध्ये अडकतात. भर म्हणजे रात्री वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेचा औद्योगिक पट्टा आणि पश्चिमेची वस्ती पाहिली की वास कुठे जाणार ते कळतं.

पण आधी खाडीचा चिखल वगळा. ओहोटीला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकाच्या वायूचा, आणि तो भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाबरोबर सरकतो. विद्रावकाचा (सॉल्व्हंटचा) किंवा बदामासारखा वास तसा सरकत नाही. पंधरा दिवस वहीत वेळ, वासाचं वर्णन, ओहोटीची वेळ आणि बाल्कनीतल्या उदबत्तीचा धूर कुठे झुकतो, एवढं लिहा. अशी नोंद जोडलेली तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या. ‘रोज वास येतो’ एवढ्यावर तपासणीला येणारा माणूस दुपारी येतो आणि त्याला काही सापडत नाही.

प्र. ५० अंशांच्या शुद्ध पाण्याचा पीएच ६.६ येतो. पाणी आम्लधर्मी झालं का? (वागळे इस्टेट)

नाही. ५० अंशांना उदासीन पाण्याचाच पीएच ६.६३ असतो, ७ हा आकडा २५ अंशांचा. मीटरमधली तापमानाची आपोआप दुरुस्ती फक्त इलेक्ट्रोडचा उतार (पीएचच्या एका अंकामागे बदलणारा व्होल्टेज) सुधारते, २५ अंशांना ५९.२ मिलिव्होल्ट आणि ५० ला ६४.१. नमुन्याचा पीएच ती २५ अंशांना नेत नाही. तुलना हवी असेल तर नमुना बाटली काठोकाठ भरून, बूच लावून थंड करा. उघडा ठेवलात तर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो ५.६ कडे घसरेल आणि तुम्ही पुन्हा पाण्यालाच दोष द्याल. मीटर जुळवायला वापरतात त्या ठरावीक पीएचच्या द्रावणाचं, बफरचंही तेच : बोरॅक्सचा ९.१८ हा २५ अंशांचा आकडा आहे, ३० अंशांच्या खोलीत तो ९.१४ धरा.