मागची फिक्स काच फुटली, आता काय? वाचकांचे प्रश्न

दरवाजाच्या काचा रोज खालीवर होतात, पुढची काच तर कायम डोळ्यासमोर असते, पण मागच्या बाजूला ती छोटी न उघडणारी काच असते ना, क्वार्टर ग्लास, तिच्याकडे फुटेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. या वेळी तिच्याबद्दलचे प्रश्न एकत्रच घेतलेत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याला लागतंच.

प्रश्न: मागच्या दरवाजाच्या मागे बॉडीत बसवलेली तिकोनी काच कुणीतरी फोडली. सीटवर, डिकीत, सगळीकडे काचेचे बारीक खडे झालेत. नवी काच यायला वेळ लागणार आहे. पुढच्या काचेला तडा गेला तर रिपेअर होतो, मग हिचा का नाही? आणि तोपर्यंत गाडी चालवायची कशी?

पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ थर. तिच्यावर दगड लागला तर वरचा थर चिरतो आणि तिथे रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारा पारदर्शक द्रव, भरता येतं. मागच्या बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या, असतात. त्या 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवून मग गार हवेच्या झोताने एकदम थंड करतात, त्यामुळे बाहेरचा थर दाबाखाली राहतो आणि आतला ताणाखाली. म्हणून ती मजबूत असते, पण एकदा कुठे खोलवर चीर गेली की सगळा ताण एकदम मोकळा होतो आणि अख्खी काच खड्यांची होते. हे मुद्दाम केलेलं आहे, मोठे टोकदार तुकडे माणसाच्या अंगात घुसू नयेत म्हणून. युरोपच्या ईसीई 43 या नियमात तर काच फोडून तुकडे मोजतात, 5 बाय 5 सेंटीमीटरच्या चौकोनात कमीत कमी 40 तुकडे व्हावे लागतात. त्यामुळे हिचा रिपेअर हा विषयच नाही, बदलायचीच.

आधी फोटो काढा, विम्याला लागतील, आणि चोरी झाली असेल तर पोलिसात नोंदवा. मग हातमोजे घालून मोठे तुकडे उचला, बाकीचं व्हॅक्यूमने. आता एक गोष्ट जी जवळजवळ सगळेच विसरतात, मागच्या सीटबेल्टची गुंडाळी बऱ्याच गाड्यांत नेमकी या काचेशेजारच्या, छताला धरणाऱ्या खांबात असते. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, दोन्ही बाजूंनी बघा, पट्ट्यात अडकलेला खडा काढा आणि गुंडाळी जिथे आहे तिथे व्हॅक्यूमची नळी फिरवा. बेल्ट रोज आतबाहेर होतो आणि काचेचा कण त्याचे धागे कापत राहतो, वरून काहीच दिसत नाही. धागे तुटलेले दिसले तर बेल्ट बदलून घ्या, तिथे काटकसर नको. मुलांची सीट मागे बसवत असाल तर ती पण काढून तिच्या कव्हरच्या आत बघा.

तात्पुरतं झाकायला जाड प्लॅस्टिक शीट लावा. आधी रंगावर मास्किंग टेपची पट्टी आणि चिकट पट्टी तिच्यावर, थेट रंगावर पॅकिंगची टेप लावून उन्हात ठेवली की नंतर डिंक निघता निघत नाही. झाकलेल्या गाडीने जास्त वेगात जाऊ नका, शीट फडफडून सुटते. आणि त्या बाजूचं मागचं दिसत नाही हे लेन बदलताना डोक्यात ठेवा.

प्रश्न: ही काच घरी बदलता येते का?

कशी बसवली आहे त्यावर आहे सगळं. जुन्या गाड्यांत काचेभोवती जाड रबर असतं आणि ते रबरच पत्र्याची किनार पकडतं. हे घरी होतं, दोन माणसं हवीत. रबर आधी काचेवर चढवायचं, रबराची जी खाच पत्र्यावर बसणार तिच्यात एक मजबूत दोरी फिरवून टोकं खाली मधोमध एकावर एक आणायची, साबणाचं पाणी लावायचं, एकाने बाहेरून तळहाताने काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू काढत जायची, दोरी निघते तशी रबराची कड पत्र्यावर उलटून बसते. जुनं रबर कडक झालेलं असेल तर ते परत वापरू नका. काच नवी पण रबर जुनं, मग पाणी येणारच.

दुसऱ्या प्रकारात काचेच्या कडेला कारखान्यातच प्लॅस्टिकची चौकट ओतलेली असते आणि तिच्यातून छोटे स्टड बाहेर आलेले असतात. आतलं ट्रिम पॅनल, म्हणजे पत्रा झाकणारं प्लॅस्टिकचं आवरण, काढलं की नट दिसतात. कधी नुसती ब्युटाइलची, म्हणजे मऊ रबरासारखी, चिकट पट्टी असते, कधी गोंदही. नट काढून काच बाहेर ढकलायची, एवढं वाचून सोपं वाटतं, खरी गोची आहे ट्रिममधे. आजकालच्या गाड्यांत छताच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग असते आणि ती मागच्या खांबापर्यंत येते. तिथलं पॅनल झटका देऊन ओढायचं नाही. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढी मिनिटं थांबा, मगच हात लावा, आणि एअरबॅगच्या वायरीला मीटर लावून काहीही तपासू नका. हे जमत नसेल तर काचवाल्याकडेच द्या, त्यात कमीपणा काही नाही.

तिसरा प्रकार पूर्ण चिकटवलेला, पीयू म्हणजे युरेथेनच्या गोंदाने. हे मी सरळ सांगते, अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. काच बसवायला फार वेळ लागत नाही, किनार तयार करणं हेच काम असतं आणि ते चुकलं तर आज काही कळत नाही, दोन पावसाळ्यांनी कळतं.

प्रश्न: काचवाला जुना गोंद पूर्ण खरवडत नव्हता, थोडा थर तसाच ठेवून वरून नवा लावत होता. मी थांबवलं. हा आळस नाही का?

नाही, तो बरोबर करत होता. जुना पीयू नीट चिकटलेला असेल तर त्याचा 1 ते 2 मिलिमीटरचा थर ठेवून वरचा कापून टाकायचा आणि नवा त्याच्यावर घालायचा, हीच योग्य पद्धत आहे. नवा पीयू ताज्या कापलेल्या जुन्या पीयूला फार छान धरतो, आणि सगळं पत्र्यापर्यंत खरवडलं की कारखान्याचा रंग जातो, ओरखडे पडतात आणि तिथूनच गंज सुरू होतो. म्हणजे जास्त मेहनत इथे उलट नुकसान करते.

तुम्ही बघायचं ते हे की कापताना जिथे पत्रा उघडा पडला तिथे त्याने प्रायमर, म्हणजे गोंदाआधीचा अस्तराचा थर, लावला का, लावल्यावर वाळू दिला का. कापलेल्या गोंदावर बोटं फिरवली का, घामाचा तेलकटपणा राहिला तर धरत नाही. नव्या काचेची काळी कडा क्लीनरने पुसली का. ती काळी कडा शोभेची नाही, काचेवर भाजून बसवलेला सिरॅमिक थर आहे तो, गोंदावर ऊन पडू देत नाही, ऊन लागलं की पीयू हळूहळू खराब होतो. आणि गोंद अखंड एका दमात फिरला पाहिजे, मधे तुटला, परत जोडला, असं झालं की जोडावर गळतं.

किनारीला आधीच गंज असेल तर त्यावर चिकटवून घेऊ नका. कितीही घाई असू दे. गंज चकचकीत पत्र्यापर्यंत काढायचा, एपॉक्सी प्रायमर मारायचा, रंग पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच काच. गोंद गंजाला धरला तर गंजाचा पापुद्रा सुटतो तेव्हा काचही सुटते. यासाठी गाडी काही दिवस अडकते, लोकांना ते नको असतं, पण मला विचाराल तर अख्ख्या कामात पैसे घालायची खरी जागा हीच.

प्रश्न: मित्र म्हणतो बाथरूमचं सिलिकॉन लाव, काम होतं.

अजिबात लावू नका. त्यातले बरेच प्रकार वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतात, तो आंबूस वास येतो ना तोच, आणि त्याने पत्रा गंजतो. वर एकदा सिलिकॉन लागलं की त्याचा अंश किनारीवर राहतो आणि नंतर खरा पीयू तिथे धरत नाही. पुढच्या माणसाला तासन्‌तास साफ करत बसावं लागतं.

प्रश्न: दोनदा चुकीची काच आली! एकदा रंग वेगळा, एकदा बसलीच नाही. ऑर्डर देताना नक्की काय सांगायचं?

मॉडेल आणि वर्ष एवढ्यावर जाऊ नका, फेसलिफ्टच्या, म्हणजे कंपनी मधेच गाडीचं रूप बदलते त्या, वर्षात एकाच मॉडेलच्या दोन वेगळ्या काचा असतात. चेसिस नंबर द्या. डावी की उजवी हे ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे बघताना जी बाजू येते ती. फुटलेल्या काचेवरचा शिक्का तर गेला, पण गाडीच्या दुसऱ्या बाजूची तशीच काच शाबूत आहे ना, तिचा फोटो काढा. अमेरिकेच्या पद्धतीच्या शिक्क्यात एएस2 लिहिलं असेल तर साधी, एएस3 असेल तर गडद काच, 70 टक्क्यांपेक्षा कमी उजेड आत सोडणारी. युरोपच्या शिक्क्यात गडद काचेला व्ही असतो. तुमचा रंगाचा घोळ बहुतेक इथेच झालाय. काही गाड्यांत या छोट्या काचेत रेडिओच्या अँटेनाच्या बारीक रेघा असतात, त्या बघा, नाहीतर काच बसेल आणि रेडिओ खरखर करेल. चौकट ओतलेली येते की नुसती काच येते हेही विचारा. आणि काच छोटी म्हणजे स्वस्त असं धरून चालू नका, चौकटीसकट येणारी आणि कमी खपणारी काच कधीकधी दरवाजाच्या मोठ्या काचेपेक्षा महाग पडते.

प्रश्न: मागच्या दरवाजातच, उतरणाऱ्या काचेच्या मागे जी छोटी काच आहे ती बदलायची आहे. ही पण चिकटवलेली असते का?

बहुतेक नाही. दोन काचांच्या मधे एक उभी पट्टी असते, ती सोडवली की छोटी काच पुढे सरकून रबरासकट निघते. दरवाजाचं आतलं पॅड काढा, मोठी काच पूर्ण खाली घ्या, तिच्या धावेचं रबर वरून थोडं सोडवा, पट्टीचा एक स्क्रू वर रबराखाली लपलेला असतो आणि खालचा बोल्ट दरवाजाच्या आत. काही गाड्यांत रिव्हेट असतात. पट्टी वाकवू नका, नंतर मोठी काच अडकत चालते. आणि पॅड उघडलंच आहे तर दरवाजाच्या तळातले खडे काढा, पाणी जायची छोटी भोकं त्यांनी बुजतात आणि दरवाजा आतून कुजतो.

प्रश्न: काच बदलल्यापासून वेगात शिट्टी वाजते आणि पावसात डिकीत पाणी साचतं. काचवाला म्हणतो काच बरोबर आहे.

दोघांपैकी कोण बरोबर हे भांडून नाही, पाणी सोडून ठरवा. डिकीतलं कार्पेट काढा, स्टेपनीच्या खड्ड्यातलं पाणी पुसा, एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर पाइप घेऊन. प्रेशर वॉशर नको, साधी बारीक धार. काचेच्या खालच्या कडेपासून सुरू करा आणि हळूहळू वर चढा, प्रत्येक टप्प्यावर थोडं थांबा. वरून सुरू केलं तर पाणी खाली ओघळतं आणि नक्की कुठून शिरतंय ते कळत नाही. आतल्या कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली तर पाण्याची वाट स्वच्छ दिसते.

काचेपाशी काहीच आलं नाही तर मागच्या दिव्याचं रबर, छताच्या खाचेतला सील आणि मागच्या बंपरच्या आड बसवलेली हवेची झडप, हे सगळं तसंच तपासा. डिकीतलं पाणी तिथूनही येतं आणि बिचाऱ्या काचेवर आळ येतो. शिट्टीसाठी काचेच्या कडेने एकेका बाजूला मास्किंग टेप लावून गाडी चालवून बघा, ज्या बाजूची टेप लावल्यावर आवाज थांबतो तिथे फट आहे. फट काचेचीच निघाली तर वरून सीलंट फासून घेऊ नका, काच काढून परत बसवून द्या म्हणा.

प्रश्न: बसवून झाल्यावर लगेच गाडी नेली तर चालते का? आणि फिल्म कधी लावू?

पीयू हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत वाळतो, त्यामुळे थंड आणि कोरड्या हवेत जास्त वेळ लागतो. ट्यूबवर जो वेळ लिहिलाय तो काचवाल्याला विचारा, त्याच्या आधी गाडी हलवू नका. पहिला पूर्ण दिवस दुसरी एखादी काच बोटभर उघडी ठेवा, कारण सगळं बंद असताना दार आपटलं की आतली हवा ओल्या गोंदावरच्या काचेला बाहेर ढकलते. लावलेल्या टेपा दुसऱ्या दिवशी काढा, धुलाई सेंटरला काही दिवस नेऊ नका. फिल्म लावताना काचेच्या कडेवर पाणी आणि पट्टीचा दाब दोन्ही येतात, म्हणून गोंद पूर्ण पक्का होईपर्यंत थांबा, आणि आधी तुमच्याकडे फिल्मचा नियम काय आहे ते बघून घ्या.