घर बदलताना शाळेचं काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मे महिन्यात आम्ही नागपूरहून पुण्याला जातोय. मुलगी चौथीत, मुलगा सातवीत, दोघंही राज्य मंडळाच्या खासगी शाळेत. शाळा पत्त्याचा पुरावा मागतात आणि घर तर शाळा बघूनच घ्यायचं आहे. सुरुवात कुठून करायची? दाखला आत्ताच काढून ठेवावा का?
— एक पालक, नागपूर

उत्तर : दाखला सगळ्यात शेवटी. घाई होते ती इथेच. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की मुलाचं नाव जुन्या शाळेच्या पटावरून कमी होतं. पुढे नवा प्रवेश फिसकटला, तर जुन्या शाळेत पुन्हा रीतसर प्रवेश घ्यावा लागेल, आणि तोवर ती जागा कुणाला दिलेली असू शकते.

आधी दोन-तीन भाग नक्की करा आणि तिथल्या शाळांना फोन करा. ‘प्रवेश चालू आहेत का’ असं मोघम विचारू नका. ‘पाचवीत आणि आठवीत जागा आहे का’ असंच विचारा. पहिलीत जागा सुटतात, मधल्या इयत्तांत मात्र कुणी सोडून गेलं तरच. तुमची मुलगी चौथी संपवतेय, त्यामुळे चौथीपर्यंतच्या प्राथमिक शाळा यादीतून आपोआप गळतात. स्कूलबस कोणत्या रस्त्याने येते, हे त्याच फोनवर विचारून घ्या. दोन किलोमीटरवरचं घर बसच्या मार्गावर नसेल, तर पाच किलोमीटरवरचं मार्गावरचं घर बरं.

दोघांना जागा मिळतेय असं कळलं की घर. पत्त्यासाठी भाडेकरार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांचा असला तरीही. एजंट ‘नोटरी करून देतो, चालतं’ म्हणतात. शाळेत तो कागद परत येतो तेव्हा एजंट तिथे नसतो. नोंदणी ऑनलाइन होते, आणि कराराची मुदत पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून सुरू होईल असं त्यात लिहिता येतं. म्हणजे सामान हलण्याआधीच पुरावा हातात.

नव्या शाळेने जागा दिल्याचं लेखी पत्र किंवा फीची पावती मिळाली की मग दाखल्याचा अर्ज करा, जमलं तर निकालाच्या दिवशीच. नंतर सुट्टी लागते; लिपिक असतात, पण मुख्याध्यापकांच्या सहीला कागद पडून राहतो. फी, ग्रंथालय, बस यांची बाकी अर्जाआधी चुकती करा.

दाखला घेतल्यावर खिडकीवरून हलू नका. तिथेच उभं राहून जन्मदाखला आणि आधार शेजारी धरून वाचा: मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात, जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश-नोंदवही) क्रमांक, स्टुडंट आयडी, शेवटची इयत्ता. अंकी तारीख बरोबर आणि अक्षरी चुकलेली, हे वरचेवर दिसतं. मूल पटावर असताना चूक पुराव्यानिशी दुरुस्त करून घेता येते. शाळा सोडल्यानंतर मात्र ती लेखनातली उघड चूक असल्याचं दाखवावं लागतं आणि प्रकरण शिक्षणाधिकारी कार्यालयात जातं. जातीची नोंद तर पुढे जात पडताळणीत लागते. म्हणून खरं तर अर्जाआधीच जनरल रजिस्टरमधली नोंद दाखवायला सांगा. दाखला तिच्यावरूनच उतरवतात.

कागद मिळाला तरी काम अर्धंच झालेलं असतं. विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या राज्याच्या सरल पोर्टलवर नवी शाळा विनंती पाठवते आणि जुन्या शाळेला ती मंजूर करावी लागते. केंद्राच्या अशाच युडायस प्लस पोर्टलवर जुन्या शाळेने मूल ‘सोडून गेलं’ असं नोंदवल्याशिवाय नव्या शाळेला ते आपल्याकडे घेता येत नाही. त्यासाठी 11 अंकी पेन क्रमांक (मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) आणि जन्मतारीख लागते, आणि तारखेत फरक असला की मूल सापडतच नाही. तेव्हा निघताना पेन क्रमांक लिहून घ्या आणि हे काम कोण बघतं त्यांचा फोन नंबरही. जूनमध्ये हाच नंबर उपयोगी पडतो.

मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो. त्याआधी स्वच्छ स्कॅन करून ठेवा. हे सगळे कागद ट्रकमध्ये नाही, तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत.

प्रश्न : जुनी शाळा दाखला द्यायला टाळाटाळ करते आहे. नवी शाळा दाखल्याशिवाय वर्गात बसू देत नाही. मुलगा सहावीत.
— एक आई, नाशिक

उत्तर : शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 5 नेमकं यासाठी आहे. मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा. दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कायदा आठवीपर्यंत लागू आहे, तेव्हा तुमचा मुलगा त्यात बसतो.

पण एक मेख आहे. बदलून जाण्याचा हा हक्क सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित शाळेकडे याच कलमाखाली जागा मागता येत नाही. नवी शाळा पहिल्या प्रकारची असेल तर कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जुन्या शाळेलाही तसंच करा. तोंडी मागणीची कुठेच नोंद राहत नाही. आठवड्याभरात हललं नाही, तर दोन्ही पोचपावत्या घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. महापालिका हद्दीत असाल तर तिथल्या शिक्षण विभागाकडे.

प्रश्न : मुलीसाठी शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव 25 टक्के जागांतून पहिलीचा अर्ज भरायचा आहे. जूनमध्ये आम्ही दुसऱ्या भागात राहायला जाणार. अर्जात पत्ता कोणता द्यावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अर्ज भरताना जिथे राहता आणि ज्याचा पुरावा आहे, तोच. भाडेकरार अर्जाच्या तारखेआधीचा, नोंदणीकृत आणि किमान 11 महिन्यांचा लागतो. जूनपासून राहणार म्हणून मिळवलेला पत्ता पडताळणीत टिकत नाही. समिती त्या पत्त्यावर चौकशी करू शकते आणि राहत नसाल तर प्रवेश रद्द होतो.

ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर घराची जागा दाखवणारा फुगा घराच्या दारावर आणून ठेवा. शाळेपासूनचं अंतर त्यावरूनच मोजलं जातं, आणि एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी असते. फुगा भलतीकडे राहिल्याने सोडतीत नंबर लागूनही प्रवेश गेल्याची उदाहरणं आहेत.

जमत असेल तर नव्या भागातला करार अर्जाआधी करून खरोखर राहायला जा. ते शक्य नसेल, तर सध्याच्या पत्त्यावरून अशाच शाळा निवडा जिथे नव्या घरातूनही रोज जाता येईल. मिळालेली जागा त्याच शाळेतली असते. शाळा बदलली की ती सोबत येत नाही.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. दहावीला शहर बदललं तर चालेल का? की अकरावीपर्यंत थांबावं?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : शक्य असेल तर थांबा. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरतात. दहावीत शाळा बदलायची तर पालकांची बदली किंवा कुटुंबाचं स्थलांतर अशी कारणं आणि मंडळाची परवानगी लागते. राज्य मंडळात अडचण वेगळीच येते: मुलाने पूर्ण संस्कृत घेतलं असेल आणि नव्या शाळेत फक्त संयुक्त (दुसऱ्या भाषेसोबतचं अर्धं संस्कृत) असेल, तर दहावीच्या तोंडावर विषयच बदलतो. जाणं अटळच असेल, तर नववीच्या निकालानंतर लगेच जा. वर्षाच्या मधे गेलात तर अंतर्गत मूल्यमापनाच्या 20 गुणांच्या नोंदी जुन्या शाळेतून सही-शिक्क्यासह मागून घ्याव्या लागतील.

अकरावीचं सोपं झालंय. 2025-26 पासून केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्यात आहेत, त्यामुळे कोल्हापुरात बसून नव्या शहरातली महाविद्यालयं पसंतीक्रमात भरता येतात. पहिल्या क्रमांकावर मात्र तेच टाका जिथे नक्की जाल. पहिली पसंती मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. आणि आताची शाळा चालवणाऱ्या संस्थेचं कनिष्ठ महाविद्यालय असेल तर तिथला इनहाउस कोटा, म्हणजे संस्थेच्याच शाळेतल्या मुलांसाठी राखीव जागा, शहर सोडल्यावर गेला, हे धरून टक्केवारीचा हिशेब करा.