एरोस्पेस, काळा दिन आणि अमेरिकेचा व्हिसा: निपाणीच्या एका मुलाला उत्तर

तुझे प्रश्न दोन. १ नोव्हेंबरला सीमाभागातले मराठी लोक कर्नाटकात राहावं लागल्याच्या निषेधार्थ काळा दिन पाळतात; त्या फेरीत पोलिसांनी उचललं होतं, ते व्हिसाला आडवं येईल का? आणि बेळगावजवळच्या हत्तरगीची सीएनसीवरची (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावरची) नोकरी सोडून अमेरिकेत एरोस्पेसमध्ये एमएस करावं का?

सीमाप्रश्नाशी व्हिसा अधिकाऱ्याला देणंघेणं नाही. पण डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जाच्या फॉर्ममध्ये कधी अटक झाली होती का, असा थेट प्रश्न आहे. अटक झाली असेल तर निर्दोष सुटूनही उत्तर ‘हो’च. नुसतं ठाण्यात बसवून संध्याकाळी सोडलं, की कागदोपत्री अटक दाखवली, हे वकिलाकरवी एफआयआरची प्रत काढून बघ. खटला चालू असेल तर पासपोर्टलाच कोर्टाची परवानगी लागते. कागद कानडीत असणार, तेव्हा इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून ठेव. लपवलेलं सापडलं तर कायमची बंदी येऊ शकते. आंदोलनातली किरकोळ केस निदान समजावून तरी सांगता येते.

फेरीचे फोटोही पुसत बसू नको. पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती फॉर्ममध्ये लिहावी लागतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती सगळ्यांसाठी खुली ठेवायला सांगतात. घाईघाईने रिकामं केलेलं खातंच जास्त डोळ्यांवर येतं, असं माझं मत.

मला खरी काळजी तुझ्या विषयाची वाटते. विमान, रॉकेट, ड्रोन म्हटलं की मुलाखत छान होऊनही ‘२२१-जी’ची, म्हणजे व्हिसा तूर्त रोखल्याची चिठ्ठी मिळू शकते. मग फाइल तपासणीत अडकते आणि सेमिस्टर हातचं जातं. समजा पोचलास. प्रसिद्ध होणाऱ्या मूलभूत संशोधनाला सहसा अडचण नसते. नोकरीचं तसं नाही. आयटार या शस्त्रास्त्र-तंत्रज्ञानाच्या निर्यात-नियमामुळे संरक्षणाचं काम करणाऱ्या कंपन्या बहुतेक नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर नोकरी करायच्या परवानगीचे, १२ अधिक २४ महिने भुर्रकन उडतात, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत आपल्या लोकांची दशकं जातात. एरोस्पेसची पदवी घेऊन भलत्याच कारखान्यात रुळलेले आपले लोक इथे अमेरिकेत कमी नाहीत.

म्हणून मॅन्युफॅक्चरिंग किंवा मेकॅनिकलला अर्ज कर. फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीनवर हात बसलाय, त्याला तिथे मोल आहे. ब्रिटनमध्येही एरोस्पेसच्या मास्टर्ससाठी भारतीयांना आधी एटासची (संवेदनशील विषयांसाठीच्या सरकारी सुरक्षा-तपासणीची) मंजुरी काढावी लागते. फी नाही, पण आठवडे जातात.

घर तारण ठेवून कर्ज काढणार म्हणतोस. बँकेत सही करण्याआधी एफआयआरची प्रत हातात येऊ दे, आणि त्यात कुठलं कलम लावलंय ते मला कळव.