ऑफिसात बारा जणांची टीम सांभाळतो, घरी विम्याचा हप्ता विसरतो. ऑफिसातली शिस्त घरी कशी आणू?

आधी हप्त्याचं बघू. आयुर्विम्याचा वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्ता असेल तर तारीख उलटल्यावर सहसा ३० दिवसांची सवलत मिळते, मासिक असेल तर १५ दिवसांची. अजून त्या मुदतीत असाल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि पैसे भरून या.

आता मूळ प्रश्न. तुम्ही लिहिलंय की सोमवारची मीटिंग आणि कामांचा तक्ता घरी सुरू केला आणि दोन आठवड्यांत बायको-मुलं वैतागली. मी २४ वर्षं बँकेत आहे, कॅशियर म्हणून लागले आणि आता अधिकारी आहे. हा प्रयोग माझ्या घरातही फसलाय, दोनदा.

बँकेत दिवसअखेर रोकड जुळायलाच लागते. कमी भरली तर कॅशियरच्या खिशातून जाते. पहिल्याच वर्षी माझे ५०० रुपये असे गेले होते, ते अजून आठवतात. नव्या संसारात मी हौसेने तेच सुरू केलं. रात्री नऊला दोघांनी पाकिटं रिकामी करायची आणि जमाखर्च मांडायचा. तिसऱ्या आठवड्यात ४० रुपयांचा फरक आला. अर्धा तास शोधाशोध केल्यावर हे म्हणाले, "अगं, शाळेतल्या मंडळींबरोबर भजी खाल्ली. तेवढंही लिहायचं का?" त्या रात्री वही मिटली ती मिटलीच.

दुसऱ्या वेळी मेकर-चेकर. बँकेत एक जण नोंद करतो, दुसरा तपासून मंजूर करतो. मुलीच्या दहावीच्या वर्षी तिने अभ्यासाची नोंद करायची आणि रविवारी मी ती मंजूर करायची, असं ठरवलं. पोरगी सफाईदार खोटं लिहायला शिकली, बाकी काही झालं नाही. बँकेत माझी नोंद कुणी तपासली तर मला वाईट वाटत नाही, कारण तो नियम खुर्चीला असतो, उद्या तिथे दुसरं कोणी बसलं तरी तोच. घरात खुर्च्या नसतात. तिथे तपासणी थेट माणसाला जाऊन लागते. तुमची सोमवारची मीटिंग याच वाटेने गेली असणार.

बँकेतलं घरी काय लागू पडतं ते मला २०१९ मध्ये कळलं. बढती मिळाली आणि साताऱ्याहून सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत बदली झाली. जुन्या शाखेचा चार्ज द्यायला दोन दिवस लागले. किल्ल्या, सोनेतारणाची पाकिटं, अर्धवट राहिलेली प्रकरणं, सगळ्याची यादी, त्यावर देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. आणि घराचा चार्ज? तो मी एसटीच्या खिडकीतून दिला. "आईंच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, बाकी फ्रिजवर लिहिलंय."

पहिला आठवडाभर फोन वाजत होता. पाणी किती वाजता येतं, मोटार कधी लावायची? गॅसचं बुकिंग कुठल्या नंबरवरून? कामवाल्या मावशींना १ तारखेला द्यायचे की ५ ला? आमचे हे शिक्षक आहेत, साठ पोरांचा वर्ग सांभाळतात, वेंधळे मुळीच नाहीत. त्यांच्याकडे माहितीच नव्हती, कारण मी ती कधी डोक्याबाहेर काढली नव्हती. आणि खरं सांगू? माझ्यावाचून अडतं याचं मला थोडं बरंही वाटायचं.

बँकेचा व्यवहार माणसांच्या हुशारीवर चालतो असं बाहेरून वाटतं. आतून तो 'उद्या हा माणूस आलाच नाही तर?' या एका धास्तीवर चालतो. म्हणून तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांकडे. जादा किल्ल्यांचा संच दुसऱ्याच शाखेत. लहानसहान गोष्ट रजिस्टरात. घरात आपण नेमकं उलटं करतो, एकाच माणसाच्या डोक्यावर सगळं टांगून ठेवतो.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी घराची चार्ज लिस्ट केली. साध्या दुरेघी वहीची ११ पानं भरली. हे वाचायला बसले आणि सवयीने लाल पेन काढून दोन ठिकाणी खुणा केल्या. दूधवाला चार महिन्यांपूर्वीच बदलला होता, आणि आईंची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली होती. म्हणजे माझ्या डोक्यातलं रजिस्टरही शिळंच होतं.

या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान खाती, ठेवी, विमा आणि नॉमिनी यांचं. हे मी काउंटरवर बसून शिकले. नवरा गेल्यावर महिनाभराने बाई येते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत सगळे कागद, बरेचसे मुदत संपलेले. "ह्यांनी कधी काही सांगितलंच नाही." मग तिच्याबरोबर बसून एकेक कागद उलगडायचा. दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकाने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं दावा आला नाही की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. ते बुडत नाहीत, वारसाला नंतरही मागता येतात. अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' पोर्टल काढलं. पण शोधायचं कुठे हेच ठाऊक नसेल तर त्या बाईने पोर्टल तरी का उघडावं? १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींच्या खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. लावा आणि लावल्याचं घरात सांगा. नॉमिनीला बँक पैसे देते, मालकी वारसाहक्काने ठरते, हेही त्याच पानावर लिहून ठेवा. यावरून भावाभावांचं एकमेकांशी बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे.

आणखी एक नियम घरी आणला, तो माझा लाडका. संवेदनशील जागेवरच्या बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं, तेही आगाऊ न कळवता. जो कधीच रजा घेत नाही त्याच्या टेबलाखाली काय दडलंय हे तो नसतानाच कळतं, म्हणून. माझ्यावर ही वेळ २०२२ मध्ये आली. तोवर मी बदली होऊन साताऱ्यात परतले होते आणि घरचा कारभार हळूहळू पुन्हा माझ्याच डोक्यात शिरला होता. म्हटलं, घरालाही कळू दे. कोल्हापूरला ताईकडे गेले आणि अगदीच अडलं तरच फोन करा म्हणून बजावलं.

पाच दिवस फोन नाही. सहाव्या दिवशी यांचा आवाज, एकदम शाखा तपासणीवाला. "शेजारच्या वहिनी आल्यात. भिशीचे दोन हजार मागतायत. ही भिशी कधीपासून?"

तीन वर्षांपासून. वहीच्या अकराही पानांत तिचा उल्लेख नव्हता. नियमाने आपलं काम चोख केलं होतं, सापडले मात्र मीच.

सस्पेन्सचंही सांगते. कुठे टाकायची ते कळत नसलेली नोंद बँकेत तात्पुरती सस्पेन्स खात्यात जाते, आणि ऑडिटर आधी तेच उघडून बघतो. आमच्याकडे त्यासाठी पेढ्यांचा रिकामा डबा आहे. वॉरंटी कार्डं, पावत्या, पत्रिका, सगळं त्यात पडतं आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी डबा रिकामा होतो. दोन महिने राहिलं की झाकण लागत नाही.

तर मीटिंग बंद करा. हप्त्याला खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय करा, म्हणजे तुमच्या आठवणीचा प्रश्नच उरत नाही. मग एका रात्री बायकोबरोबर बसा आणि तिच्या डोक्यात काय काय आहे ते तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून घ्या. तिला लिहायला लावू नका, तिचं एक काम उगाच वाढेल. पॉलिसी क्रमांक तुमचे, मुलांच्या लसींच्या तारखा तिच्या, सगळं एकाच वहीत. वही कुठे आहे ते घरातल्या तिसऱ्या माणसालाही ठाऊक हवं. आमची देवघराखालच्या खणात असते. भिशी आता बाराव्या पानावर आहे, यांच्या लाल अक्षरात.