पोहता येतं ते ठीक, पण दोर फेकता येतो का?

प्रश्न असा आहे: ‘दर पावसाळ्यात आम्ही सहा-सात जण धबधब्यांवर जातो. मला उत्तम पोहता येतं. डोळ्यांदेखत कुणी वाहून जायला लागलं तर मदत करता यावी म्हणून काय तयारी ठेवू?’

रागावू नका, पण मला धास्ती वाटली ती तुमच्या ‘उत्तम पोहता येतं’ची. मीही तलावात पोहणारा. त्याच गुर्मीत कोलाडला राफ्टिंगचं काम शिकायला गेलो. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की कुंडलिका नदीला जी ओढ येते, तिने पहिल्याच आठवड्यात मस्ती उतरवली. एक घनमीटर पाणी म्हणजे 1000 किलो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. गुडघाभर पाण्यातही माणूस आडवा होतो, आणि उभं राहायला गेला तर दगडात पाय अडकतो.

तेव्हा उडी मारायची नाही. काठी पोचत असेल तर काठी, ओढणी पोचत असेल तर ओढणी, नाहीतर दोर. त्यासाठी थ्रो बॅग मिळते: पिशवीत कोंबून भरलेला, पाण्यावर तरंगणारा 15-20 मीटर दोर. वेटोळं करून ठेवलेला दोर ऐनवेळी हमखास गुंततो, म्हणून कोंबायचाच.

सरावात मी पहिल्यांदा पिशवी फेकली ती अगदी झोकात. दुसरं टोक हातात धरायचं असतं हेच विसरलो! पिशवी, दोर, सगळं चाललं रोह्याकडे. पुढच्या खेपेला टोक धरलं, पण हाक न मारताच फेकलं. दोर सोबत्याच्या खांद्याशेजारी पडला आणि त्याला दिसलाच नाही. म्हणून आधी ‘दोर!’ म्हणून ओरडा, त्याने बघितलं की डोक्यावरून पलीकडे जाईल असा फेका. त्याने धरल्यावर जो हिसका बसतो त्याला तयार राहा: खाली बसा, पाय दगडाला टेकवा, दोर पाठीमागून घ्या. हाताला किंवा कमरेला बांधू नका, नाहीतर तुम्हीही त्याच्यामागे. त्याला उताणं राहून, पाय वर ठेवून दोर छातीशी धरायला सांगा. प्रवाहच त्याला काठाला लावतो.

उभं कुठे राहायचं, हे दोराइतकंच महत्त्वाचं. पोचल्या पोचल्या एकाला दोर घेऊन प्रवाहाच्या खालच्या अंगाला बसवा. वरच्या अंगाचा माणूस नुसता बघत राहतो. जवळ बंधारा असेल तर तिथे थांबूच नका. त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतं.

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढलं होतं. निवळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत यायला लागला की फोटो राहू दे, सगळ्यांना बाहेर काढा. ते काम थ्रो बॅगेपेक्षा स्वस्त पडतं.

112 ला फोन करायचं काम एकाचंच ठरवा, आणि रेंज कुठे येते ते जाताना बघून ठेवा. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबत बसू नका. आधी तोंडाने श्वास, मग छाती दाबणं. हे वाचून येत नाही, रीतसर शिकून घ्या. आणि दोर? मैदानात 12-15 पावलांवर बादली ठेवा. दहापैकी आठ वेळा दोर तिच्यावर आडवा पडेपर्यंत फेकत राहा. मला दीड महिना लागला होता.