तंबाखू-चुना तीस वर्षं खाल्ल्यावर मेंदू आणि शरीराचं काय होतं? सोडली की खरंच डोकं चालत नाही का?

तीस वर्षं तंबाखू-चुना खाणाऱ्या तुमच्या वडिलांची तीन म्हणणी तुम्ही लिहिली आहेत: धूर नाही म्हणून सिगारेटपेक्षा बरी, बार भरल्याशिवाय डोकं चालत नाही, आणि सकाळी तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही. पहिलं अर्धंच खरं आहे. उरलेली दोन्ही खरी आहेत, फक्त ती गरज तंबाखूनेच लावलेली आहे. त्यामुळे ‘हे सगळं मनाचे खेळ आहेत’ असं त्यांना सांगू नका. त्यांना जे होतं ते खरोखर होतं.

समजून घ्यायची पहिली गोष्ट म्हणजे चुना. तो चवीसाठी नसतो. निकोटिन दोन रूपांत असतं, एक विद्युतभार असलेलं आणि एक नसलेलं. गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून सहज रक्तात जातं ते भार नसलेलं. सामू (पीएच, आंबटपणा-खारेपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ७ असेल तर दहातला जेमतेम एक भाग या रूपात असतो, ८ ला साधारण निम्मा, ९ ला दहातले नऊ. चुना मळला की सामू वर जातो आणि तेवढ्याच चिमटीतून कितीतरी जास्त निकोटिन आत जातं. नुसती तंबाखू ‘लागत नाही’ असं जे म्हणतात त्यामागे हेच आहे. वर चुना अस्तर भाजतो तो वेगळाच.

सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि लवकर उतरतं. गालात धरलेल्या बाराचं सावकाश चढतं, साधारण अर्ध्या तासाने कळसाला जातं आणि रेंगाळतं. दिवसाचा हिशेब केला तर बार भरणाऱ्याच्या अंगात सिगारेटवाल्याइतकं, कधी जास्तही निकोटिन जातं.

मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं एक रसायन चेतापेशींमधले निरोप पोचवतं. निकोटिन त्याच्याच जागांवर जाऊन बसतं. त्यातून डोपामिन सुटतं, लक्ष लागतं, तरतरी येते. पण निकोटिन तिथे तासन्‌तास ठाण मांडतं, त्यामुळे त्या जागा बधिर होतात आणि भरपाई म्हणून मेंदू त्यांची संख्या वाढवतो. रक्तातलं निकोटिन दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं. रात्रभरात ते उतरतं, त्या वाढीव जागा जाग्या होतात आणि रिकाम्या राहतात. म्हणून दिवसातला पहिला बार सगळ्यात ‘भारी’ लागतो. ‘डोकं चालायला लागलं’ असं जे वाटतं ते बहुतांशी ही तूट भरून निघाल्याचं सुख असतं.

पोटाचंही तसंच. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे आणि तिथेही निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या जागा आहेत. रोज सकाळी बाहेरून ढकलायची सवय लागलेलं आतडं ते बंद झालं की काही आठवडे सुस्त राहतं. अनेकांची तंबाखू याच कारणाने परत सुरू होते आणि याकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो: सोडण्याच्या दोन दिवस आधीपासून रात्री एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर कोमट पाण्यातून घेऊ द्या, दिवसभर पाणी वाढवा, सकाळी उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालणं.

आता ‘धूर नाही’ याबद्दल. कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर टळतं, हे मान्य. पण तंबाखूतली नायट्रोसमाइन ही कर्करोगकारक द्रव्यं पान वाळवताना आणि मुरवताना तयार होतात, ती पुडीतच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बिनधुराची तंबाखू पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्यांत, ठेवली आहे: तोंड, अन्ननलिका, स्वादुपिंड. हृदयावरही ताण येतोच. प्रत्येक बाराबरोबर अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके आणि रक्तदाब वाढतात. मशेरी याला अपवाद नाही. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिनधुराची तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०० ग्रॅमच्या आसपास कमी भरलं होतं.

सोडायच्या आधी तोंड बघा. चांगल्या उजेडात, ज्या गालात किंवा ओठामागे ते बार ठेवतात तिथे, जीभ उचलून खालीही. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, किंवा तिखट अजिबात सहन न होणं यातलं काहीही असेल तर आधी दंतवैद्य. त्यांची स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का तेही पाहा. जात नसतील आणि मावा, खर्रा किंवा गुटख्याचा इतिहास असेल तर सुपारीने गालाखालचे तंतू आवळले जात असण्याची शक्यता आहे. म्हणून तंबाखूच्या जागी सुपारी देऊ नका. तीही त्याच पहिल्या गटात आहे. बडीशेप, लवंग चालेल.

दारू अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं, तंबाखूचं तसं नाही. त्रास असतो: चिडचिड, झोपमोड, भूक, लक्ष न लागणं. काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक, दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते.

हे दिवस निकोटिनच्या च्युइंगमच्या गोळ्यांनी खूप सुसह्य होतात, पण नव्वद टक्के लोक त्या चुकीच्या चघळतात असं मला वाटतं. सावकाश चावायची; जीभ चुरचुरली की थांबायचं आणि गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची; चुरचुर गेली की पुन्हा चार-पाच वेळा चावून जागा बदलायची. असं अर्धा तास. भराभर चावली तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, यकृत त्यातलं बरंचसं निकामी करतं, हाती उचकी आणि जळजळ येते. आणि चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक हे पंधरा मिनिटं आधी आणि चघळताना नको. कारण पुन्हा सामूच: तोंड आंबट झालं की निकोटिन भारित होतं आणि गालातून आत जात नाही. आपल्याकडे तलफ चहाबरोबरच येते, म्हणून चहा आधी संपवून, चूळ भरून, पाव तासाने गोळी.

मात्रा ठरवायला एकच प्रश्न विचारा: उठल्यावर पहिला बार किती वेळाने? अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. दोनची बिनचिठ्ठीची मिळते, चारची डॉक्टरांना विचारून. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन दर चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. तोंडात जखमा किंवा कवळी असेल तर अंगावर लावायची निकोटिनची पट्टी बरी. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

लोक सर्वांत जास्त घसरतात ते गोळ्या कमी घेतल्यामुळे: ‘हेही निकोटिनच’ म्हणून दिवसाला दोन-तीनवर भागवतात आणि चौथ्या दिवशी पुडी आणतात. पहिल्या आठवड्यात तलफ येण्याची वाट न पाहता घड्याळ लावून द्या. चुन्याची डबी घरातून बाहेर काढा, शर्टाच्या खिशात तिच्या जागी गोळ्यांची पट्टी ठेवा. त्यांना घरच्यांपेक्षा परक्या माणसाशी बोलणं सोपं वाटत असेल, तर केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. फोन त्यांनी स्वतः लावलेला बरा.