वाचकांचे प्रश्न : चिकन, प्रतिजैविके आणि आपले स्वयंपाकघर

प्रश्न : ब्रॉयलर कोंबड्यांना प्रतिजैविके देतात आणि त्यामुळे औषधांना दाद न देणारे जीवाणू तयार होतात, असे ऐकले. आम्ही चिकन दोन-तीन पाण्यांतून धुऊन, चांगले शिजवूनच खातो. तरीही धोका आहे का? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करतो. मांसात उरलेला औषधाचा अंश ही एक गोष्ट आणि औषधाला दाद न देणारा जिवंत जीवाणू ही दुसरी. 2014 मध्ये ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या पर्यावरणविषयक संस्थेने दिल्ली परिसरातील चिकनचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले होते. शिजवल्याने हे अंश पूर्णपणे नाहीसे होतीलच असे नाही. जीवाणू मात्र मरतात. ई. कोलाय असो, साल्मोनेला असो की कॅम्पिलोबॅक्टर, मांसाच्या आतपर्यंत 75 अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की औषधाला न जुमानणारा जीवाणूही इतरांसारखाच मरतो. तेव्हा रटरट शिजलेल्या रश्श्याची भीती बाळगू नका.

काळजी घ्यायची ती पातेले गॅसवर चढण्यापूर्वी. नळाच्या धारेखाली चिकन धुतले की त्याचे बारीक तुषार ओट्यावर, शेजारी पालथ्या घातलेल्या ताटल्यांवर आणि चाळणीत निथळत ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. मग ज्या पाटावर तुकडे केले त्याच पाटावर, त्याच सुरीने कांदा-लिंबू चिरले जाते आणि ते कच्चेच पानात येते. म्हणून चिकन नळाखाली धुऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घरांतली ही सवय सुटणे अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. ज्यांना धुतल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी निदान पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने खळबळावे आणि मग भांडे, ओटा, हात साबणाने स्वच्छ करावेत. फ्रीजच्या थंडीने हे जीवाणू मरत नाहीत, त्यामुळे कच्चे चिकन झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे.

असा जीवाणू पोटात गेला म्हणजे लगेच जुलाब होतील असे नाही, आणि म्हणूनच तो लक्षात येत नाही. औषधाला निष्प्रभ करणारे जनुक तो आपल्या आतड्यातील इतर जीवाणूंना देऊ शकतो. पुढे कधी त्यांच्यापैकीच एखाद्यामुळे मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, की नेहमीच्या गोळ्यांनी उतार पडत नाही. कोलिस्टिनचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. इतर औषधे हरली की अतिदक्षता विभागात अखेरचा उपाय म्हणून डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, ते हे औषध पक्ष्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात मिसळले जात होते. त्याला न जुमानण्याचे, एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे ‘एमसीआर-1’ हे जनुक चीनमधील संशोधकांनी 2015 मध्ये जाहीर केले. ते डुकरांत, कच्च्या मांसात आणि रुग्णांतही सापडले होते. भारत सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत, कोंबड्यांत आणि त्यांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली. हा निर्णय योग्यच होता, फक्त तो फार आधी व्हायला हवा होता.

प्रश्न : माझा तीन हजार पक्ष्यांचा शेड आहे. पिल्ले आल्यापासून पाण्यातून प्रतिजैविक देण्याची पद्धत आहे. ते बंद केले तर मरतूक वाढेल ना? (एक पोल्ट्री व्यावसायिक, सांगली जिल्हा)

उत्तर : मरतुकीची आपली धास्ती मी समजू शकतो, कारण सगळा हिशेब जेमतेम चाळीस दिवसांत जुळवायचा असतो. आजारी पक्ष्यांना औषध द्यावेच लागते आणि त्याला कोणाचा विरोध नाही. पण निरोगी पिल्लांना थोड्या मात्रेत रोज औषध दिले, की कमकुवत जीवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि शेडभर तेच वाढतात. शिवाय ते शेडपुरते राहत नाहीत. 1970च्या दशकात डॉ. स्टुअर्ट लेव्ही या संशोधकांनी अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका फार्मवर कोंबड्यांना टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिसळलेले खाद्य दिले, तेव्हा काही महिन्यांतच त्या फार्मवर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही त्या औषधाला दाद न देणारे जीवाणू वाढलेले आढळले. शेडमध्ये रोज वावरणारे आपण, आपले घरचे आणि आपला मजूर यांना हा धोका गिऱ्हाइकाच्या आधी आहे.

युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देणे 2006 पासून पूर्ण बंद केले, तरी तेथील कुक्कुटपालन चालूच आहे. आपल्याकडे सुरुवात लिटरपासून, म्हणजे शेडमध्ये पक्ष्यांखाली अंथरलेल्या भुश्यापासून, करावी. मुठीत दाबून पाहा. गोळा होऊन तसाच राहिला तर लिटर ओले आहे, आणि शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरत असतील तर हवा खेळत नाही. पाण्याच्या पाइपांतील बुळबुळीत थर प्रत्येक बॅचनंतर काढावा, राणीखेत आणि गंबोरो या कोंबड्यांच्या रोगांच्या लसी वेळेवर द्याव्यात, दोन बॅचमध्ये शेड रिकामा ठेवावा. तरीही मरतूक झाली, तर दुकानदाराला विचारून पावडर आणण्यापेक्षा पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे व कोणते औषध लागू पडेल याची प्रयोगशाळेत चाचणी करावी. औषध दिलेच, तर ते थांबवल्यानंतर वेष्टनावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत पक्षी विकू नयेत.

कोंबडीखताबद्दल आपण विचारलेले नाही, पण सांगतो. बॅच निघाल्यावर ताजे लिटर थेट भाजीच्या रानात टाकू नका. ते ओलसर करून ढीग लावा, अधूनमधून पालटा आणि आतून चांगले तापून पूर्ण कुजल्यावरच शेतात घाला. कच्च्या खतात शेडमधले जीवाणू जिवंत असतात आणि मेथी-कोथिंबिरीच्या जुडीबरोबर बाजारात पोहोचू शकतात.